न थांबणाऱ्या यंत्राचे शास्त्र

मनुष्याने आजवर जी जी यंत्रे उभारली त्यांत आकाराने सर्वांत विशाल अशा यंत्रांपैकी एक आपल्या देशात अहोरात्र चालू आहे, आणि त्याचे समग्र दर्शन कोणालाही कधी घडलेले नाही. त्याचा एखादा मनोरा आपण एसटीच्या खिडकीतून शेतात उभा असलेला पाहतो, त्याचे एखादे रोहित्र गल्लीच्या तोंडाशी गुणगुणताना ऐकतो, महिन्याच्या महिन्याला त्याचे बिल भरतो. परंतु चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातील जनित्र, कोयनेच्या डोंगराच्या पोटात फिरणारे चक्र आणि हिमालयाच्या उतारावरील एखादे जलविद्युत केंद्र हे सारे एकाच यंत्राचे अवयव असून ते एकमेकांशी एका तालात बांधलेले आहेत, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. हा ताल देशभर एक होण्याचा क्षण फार जुना नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, तोवर स्वतंत्र तालात चालणारे दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्यात सामील झाले, आणि त्या दिवसापासून आसेतुहिमाचल विजेची वारंवारता एक झाली. सोलापूरच्या लौकिकात या गोष्टीचा उल्लेख कोणी करताना मला आढळला नाही. तो व्हावयास हवा.

या यंत्राचा अभ्यास करू पाहणाऱ्यापुढे एक विलक्षण अडचण उभी असते. पूल बांधणारा स्थापत्यविशारद आपल्या तुळईचा नमुना प्रयोगशाळेत भार लादून मोडून पाहू शकतो. मोटारीचा रचनाकार आपली नवी मोटार भिंतीवर आदळवून तिची परीक्षा घेऊ शकतो. वीजजाळ्याच्या अभ्यासकाला ही मुभा नाही. ‘अमुक वाहिनी तुटली तर काय होईल’ हे पाहण्यासाठी ती तोडून बघावी, तर रुग्णालये, लोकलगाड्या, पाणीपुरवठ्याचे पंप आणि कोट्यवधी घरे यांचा जीव त्या प्रयोगात टांगणीला लागतो. शिवाय हे यंत्र थांबवून, उघडून, दुरुस्त करून पुन्हा चालू करण्याची सोयही नाही. जे काही करावयाचे ते ते चालू असतानाच. म्हणून या शास्त्रात प्रत्यक्षाच्या जागी प्रतिमा उभी करावी लागते: समीकरणांची, आकड्यांची, आणि आता संगणकाच्या स्मृतीत साठविलेली. त्या प्रतिमेवर सारे अपघात आधी घडवून पाहावयाचे आणि मगच प्रत्यक्षाला हात घालावयाचा, अशी येथील वहिवाट आहे. प्रतिमेवर विश्वास कितपत ठेवावा आणि तिच्याविषयी संशय केव्हा धरावा, हे ज्याला उमगले त्याचे शिक्षण पुरे झाले असे मी समजतो. बाकीचा भाग पुस्तकातून मिळतो.

या अडचणीच्या मुळाशी विजेचा एक स्वभावधर्म आहे. तारांमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणी ती निर्माण होते त्याच क्षणी ती कोणीतरी वापरलेली असते, आणि निर्मितीच्या एका बाजूला वापर व वाटेतली गळती यांची दुसरी बाजू प्रत्येक क्षणी जुळलीच पाहिजे. इतर कोणत्याही कारखान्याचा ताळेबंद वर्षाअखेर मांडतात. येथे तो क्षणाक्षणाला मांडला जातो, आणि त्यात उधारीला जागा नाही. आपण घरात गिझरचे बटण दाबतो तेव्हा त्या पहिल्या क्षणीची ऊर्जा कोठून येते, हा प्रश्न विद्यार्थ्याला अवश्य विचारावा. ती कोळशातून येत नाही, धरणातूनही येत नाही, कारण बाष्पाच्या वा पाण्याच्या झडपेला अजून या घटनेची वार्ताच नसते. ती येते देशभर फिरणाऱ्या हजारो टन पोलादाच्या गतीतून. दर मिनिटाला ३००० फेरे घेणारी औष्णिक जनित्रे आणि त्यांहून सावकाश फिरणारी जलविद्युत जनित्रे ही सारी त्या गिझरपायी अगदी यत्किंचित मंदावतात, आणि त्या मंदावण्यातूनच मागणी वाढल्याचा निरोप सर्वत्र पोहोचतो. आपल्या न्हाणीघरातील एका बटणाची दखल देशातील प्रत्येक केंद्र घेते, ही कविकल्पना नव्हे. हा यंत्रशास्त्राचा नियम आहे.

प्रथम रचनेचा विचार करू, आणि त्यासाठी महाराष्ट्राहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवावी या हेतूने टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात सरोवरे बांधून त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरविले आणि १९१५ साली ते केंद्र सुरू झाले. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे त्याच पद्धतीने उभी राहिली. सह्याद्रीचा पश्चिमेकडील तुटलेला कडा हीच तेथील खरी संपत्ती होती: माथ्यावर अपार पाऊस, पायथ्याशी कोकण आणि हाकेच्या अंतरावर मुंबई. १९६२ साली कोयनेचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाही हीच युक्ती, परंतु फार मोठ्या प्रमाणावर, योजिलेली होती. पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी कोयना अडवून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे उतरविले गेले. परंतु राज्याची भूक नुसत्या पाण्याने भागणारी नव्हती, आणि कोळसा निसर्गाने ठेवला तो विदर्भात. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथे निर्मिती आणि मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथे खप, असा सातशे-आठशे किलोमीटरांचा विजोड भूगोल आपल्या वाट्याला आला. कोळसा रेल्वेने पश्चिमेकडे न्यावा की वीज तारेने न्यावी, हा प्रश्न येथूनच जन्मला, आणि आपल्या वीजजाळ्याची बरीचशी रचना म्हणजे या एका प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरे होत.

वीज तारेने न्यावयाची तर ती उच्च दाबानेच का न्यावी, याचे गणित शाळकरी मुलालाही समजावे इतके सोपे आहे. तारेतील गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच शक्ती २२० किलोव्होल्टऐवजी ४०० किलोव्होल्टने नेली तर प्रवाह निम्म्याहून किंचित अधिक उरतो, आणि तशाच तारेतील गळती एक तृतीयांशाहूनही कमी होते. परंतु अंतर फार वाढले की प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वाहिनीपुढे नव्या अडचणी येतात. दोन टोकांचा ताल राखणे कठीण होते, आणि रात्री भार उतरला की रिकाम्या लांब वाहिनीच्या दूरच्या टोकाशी दाब आपोआप चढतो व त्याला आवर घालण्यासाठी निराळी उपकरणे बसवावी लागतात. यावरचा एक तोडगा चंद्रपूर ते पडघे या वाहिनीत दिसतो. चंद्रपूरला प्रत्यावर्ती वीज एकदिश करावयाची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टच्या दाबाने सुमारे ७५० किलोमीटर वाहून न्यावयाची आणि ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला पुन्हा प्रत्यावर्ती करावयाची. १५०० मेगावॅट वीज या मार्गाने विदर्भातून कोकणात येऊ शकते. समृद्धी महामार्गाची वाखाणणी आपण नेहमी ऐकतो. त्याच्या कितीतरी आधीपासून राज्याच्या दोन टोकांना जोडणारा हा दुसरा मार्ग मुकाट्याने आपले काम करीत आला आहे.

रचनाकाराचा एक नियम मात्र दाबाहून, अंतराहून आणि खर्चाहूनही श्रेष्ठ मानला जातो. जाळ्यातील कोणताही एक घटक, मग ती वाहिनी असो, रोहित्र असो की जनित्र, अवचित निकामी झाला तरी उरलेल्यांनी त्याचा भार पेलला पाहिजे आणि कोणावरही मर्यादेबाहेर बोजा पडता कामा नये. ऐकावयास हा नियम साधा आहे. परंतु हजारो घटकांच्या जाळ्यात तो पाळला जातो की नाही हे पाहावयाचे तर प्रत्येक घटक एकदा काढून बाकीच्या साऱ्यांचा हिशेब नव्याने करावा लागतो, आणि तोही उन्हाळ्याच्या दुपारचा निराळा, पावसाळी रात्रीचा निराळा, रब्बीच्या हंगामात शेतीपंप चालू असतानाचा आणखी निराळा.

हा हिशेब करण्याची साधने विसाव्या शतकात कशी बदलत गेली हा इतिहास मनोवेधक आहे. प्रारंभी अभियंते हातानेच आकडेमोड करीत. अमेरिकेतील ईडिथ क्लार्क या विदुषीने दीर्घ वाहिन्यांची क्लिष्ट समीकरणे सोडविण्यासाठी एक आलेखरूपी गणकयंत्र तयार करून १९२५ साली त्याचे पेटंट मिळविले. ज्या काळी स्त्रियांना अभियंता म्हणून नेमण्यास कारखाने राजी नसत त्या काळातील ही कामगिरी आहे. १९२९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत एका दालनात साऱ्या वीजजाळ्याची छोटी प्रतिकृतीच उभारण्यात आली. त्या दालनात लहान कुंडले वाहिन्यांच्या जागी असत, छोटे उगम जनित्रांच्या जागी, आणि अभियंते तारा जोडून व मापकांवरील काटे वाचून उत्तरे काढीत. पुढे १९५६ साली वॉर्ड आणि हेल यांनी अंकीय संगणकाकडून हा हिशेब करून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती दालने हळूहळू ओस पडली.

विद्यार्थी ज्याला ‘लोड फ्लो’ म्हणतात तो हा हिशेब, आणि विद्युत अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातून जावेच लागते. कोणत्या उपकेंद्रावर किती मागणी आहे हे ठाऊक असते, कोणते केंद्र किती वीज देणार हेही ठरलेले असते; ठाऊक नसतात ते प्रत्येक ठिकाणचा दाब आणि त्या दाबाची कला, म्हणजे तो इतरांच्या किती पुढे वा मागे आहे हे. ही समीकरणे सरळ नसल्याने उत्तर एका दमात निघत नाही. सर्वत्र दाब यथायोग्य आहे असे प्रथम गृहीत धरावयाचे, त्या गृहीतावरून प्रत्येक उपकेंद्राची आवक-जावक काढावयाची, ती प्रत्यक्ष मागणीशी जुळत नाही असे आढळले की जेथे जेवढी तफावत असेल त्या मानाने गृहीत दुरुस्त करावयाचे, आणि तफावत नगण्य होईपर्यंत हाच क्रम चालवावयाचा. न्यूटनच्या रीतीने केले तर चारपाच फेऱ्यांत उत्तर हाती येते. यात एक मौजेची गोष्ट आहे. वाटेतली गळती किती हे हिशेब पुरा होईपर्यंत कळत नाही, आणि गळती कळल्याखेरीज निर्मितीची बेरीज ठरत नाही. तेव्हा कोणत्या तरी एका केंद्राची निर्मिती मोकळी सोडून सारी शिल्लक त्याच्या नावे टाकावी लागते. गणितात हे केंद्र आपण मर्जीने निवडतो, प्रत्यक्षात मात्र अशी शिल्लक एकट्याच्या माथी मारता येत नाही. प्रतिमा आणि प्रत्यक्ष यांतील हा पहिला भेद चाणाक्ष विद्यार्थ्याला येथेच दिसतो. मोठ्या जाळ्यांसाठी ही रीत व्यवहार्य झाली ती विल्यम टिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. प्रत्येक उपकेंद्र थोड्याच शेजाऱ्यांशी जोडलेले असते, म्हणून समीकरणांच्या अफाट कोष्टकात बहुतेक जागी शून्यच असते. ती शून्ये साठवावयाचीही नाहीत आणि मोजावयाचीही नाहीत, हे त्यांनी १९६७ च्या सुमारास दाखवून दिले, आणि तेवढ्याने अशक्य वाटणारे गणित आवाक्यात आले.

लोड फ्लो हे स्थिर चित्र झाले. अपघात घडतो तेव्हा जाळे स्थिर नसते, आणि त्या काही क्षणांचा अभ्यास ही या विद्येतील सर्वांत कठीण पायरी आहे. खळ्यावर मळणीच्या वेळी तिवड्याभोवती पात धरलेली असते. एका दाव्यात गोवलेले बैल गोल फिरत असतात, त्यांतला एखादा ठेचकाळला तर दाव्याला ताण बसतो, शेजारचे बैल त्याला ओढून घेतात, तोही दोन-चार पावले मागेपुढे होऊन पुन्हा चालीला लागतो. पण ठेच फार मोठी असेल तर तो सबंध पातीचा खोळंबा करतो. जनित्रांचे असेच आहे. एखाद्या वाहिनीवर वीज पडली किंवा पतंगाच्या ओल्या मांज्याने दोन तारा जोडल्या गेल्या की जवळच्या जनित्राची वीज बाहेर जाण्याचा मार्ग क्षणभर खुंटतो. बाष्पाचा रेटा मात्र चालूच असतो, म्हणून ते वेग घेते आणि इतरांच्या पुढे धावू लागते. दोष लवकर दूर झाला तर इतर जनित्रे त्याला ओढून पुन्हा तालात आणतात. उशीर झाला तर ताल सुटतो आणि त्या जनित्राला जाळ्यातून तोडावेच लागते. हा अवधी किती? ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरील दोष शंभर मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, दूर झाला पाहिजे असा आपल्याकडील दंडक आहे. इतक्या वेळात मनुष्य काय करणार? म्हणून हे काम रिले नामक उपकरणांवर सोपविलेले असते, आणि त्यांना काय पाहून काय करावे हे आधीच शिकवून ठेवावे लागते. त्या शिकवणीतील चूक किती महाग पडते, ते पुढे येईलच.

मनुष्याचे काम आहे ते दैनंदिन कारभाराचे. राज्याचे भार प्रेषण केंद्र आणि मुंबईतील पश्चिम विभागाचे केंद्र येथे रात्रंदिवस पाळीने माणसे बसलेली असतात आणि त्यांच्या नजरेसमोर एक आकडा सतत असतो: वारंवारता. तिचे आदर्श मूल्य ५० हर्ट्झ, आणि सध्याच्या नियमाप्रमाणे ती ४९.९० आणि ५०.०५ यांच्या दरम्यान राहावी अशी अपेक्षा असते. मागणी वाढली की ती उतरते, निर्मिती वाढली की चढते. प्रत्येक जनित्राला एक नियंत्रक असतो. वारंवारता पाच टक्क्यांनी घसरली तर पूर्ण क्षमतेइतकी वीज वाढवावी अशी त्याला साधारणपणे शिकवण असते. समजा वारंवारता ०.१ हर्ट्झने, म्हणजे ०.२ टक्क्याने, उतरली. तर कोयनेच्या चौथ्या टप्प्यातील २५० मेगावॅटचे एक चक्र, वाव असल्यास, कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता १० मेगावॅट अधिक देऊ लागेल. देशभरची यंत्रे असा थोडा थोडा भार उचलतात, तोवर नियंत्रण कक्षातील माणसांना पुढची तजवीज करण्याइतका वेळ मिळतो. ती तजवीजही आधीच आखलेली असते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात कोणी किती वीज द्यावयाची व कोणी किती घ्यावयाची हे आदल्या दिवशीच ठरते.

एके काळी हे ठरलेले कोणी पाळीत नसे, तेव्हा वारंवारता संध्याकाळी खोल घसरे आणि रात्री भलतीच चढे. त्यावर जो उपाय योजला गेला तो मला फार मार्मिक वाटतो. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात अशी व्यवस्था आली की ठरल्याहून अधिक ओढलेल्या विजेचा दर त्या क्षणाच्या वारंवारतेवरून ठरावा: ५०.५ हर्ट्झला दर शून्य, आणि ४९.०२ ला वा त्याखाली युनिटला ४ रुपये २० पैसे. देशातील टंचाई वा मुबलकता प्रत्येक भिंतीवरील तारेत एकाच आकड्याने प्रकट होत असते, मग त्यासाठी निराळा बाजारभाव कोठे शोधावयाचा! राज्यांना शिस्त लागली आणि वारंवारतेचे ते वेडेवाकडे हिंदोळे पुष्कळ आटोक्यात आले. पुढे ही पद्धत बदलली, दर बदलले, परंतु कल्पना चिरस्मरणीय आहे.

कोयनेचे महत्त्व या कारभारात नुसत्या तिच्या १९६० मेगावॅटांत नाही. कोळशाचे केंद्र थंड अवस्थेतून पूर्ण भारावर आणावयास कित्येक तास लागतात. कोयनेचे चक्र काही मिनिटांत थांबलेल्या स्थितीतून पूर्ण भार घेते आणि तितक्याच लवकर तो टाकते. परंतु कोयनेचे पाणी मोजके आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, आणि १ जून ते ३१ मे या जलवर्षात हा कोटा पुरवून वापरावा लागतो. म्हणून जुलैच्या धो धो पावसातही नियंत्रण कक्षातील मनुष्य मे महिन्याच्या संध्याकाळचा विचार करीत असतो. आज एक घनमीटर पाणी सोडले तर कोठला कोळसा वाचतो, आणि तेच पाणी एप्रिलपर्यंत राखले तर कोणते संकट टळते, याचे गणित हा या विद्येचा एक स्वतंत्र आणि सुंदर प्रांत आहे.

जलविद्युत केंद्रांची ही चपळाई साऱ्या देशाच्या कामी कशी आली, याची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी चालू असताना ३ एप्रिल २०२० रोजी पंतप्रधानांनी आवाहन केले की ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवावे. पुष्कळांना यात केवळ एक भावनिक उपक्रम दिसला. वीज अभियंत्यांना दिसले ते निराळेच. देशातील कोट्यवधी घरे एकाच ठोक्याला दिवे मालवणार आणि नऊ मिनिटांनी एकाच ठोक्याला लावणार, अशी परीक्षा त्यांच्या यंत्राची आजवर झालेली नव्हती, आणि तिची तालीम करावयास हाती दोनच दिवस होते. कारखाने बंद असल्याने एकूण मागणीत घरगुती विजेचा वाटा एरवीपेक्षा मोठा होता. म्हणजे धक्काही त्या मानाने मोठाच बसणार. घरगुती दिव्यांचा अंदाज घेऊन मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटांनी उतरेल असे अनुमान काढण्यात आले. मग योजना अशी ठरली की संध्याकाळी जलविद्युत केंद्रांचे पाणी राखावे. पावणेनऊच्या सुमारास कोळशाची केंद्रे क्रमाक्रमाने खाली आणावी आणि त्यांची जागा जलविद्युत केंद्रांनी भरून काढावी, जेणेकरून ऐन वेळी हुकुमासरशी कमी करता येईल असा साठा हाताशी राहील. दिवे मालवू लागताच पाणी आवरावे, आणि नऊ मिनिटे संपता संपता पुन्हा सोडावे.

प्रत्यक्षात काय घडले? पावणेनऊला देशाची मागणी १,१७,००० मेगावॅटांच्या आसपास होती; नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत ती ३१,०८९ मेगावॅटांनी उतरली. अनुमानाच्या दुपटीहून अधिक! लोकांनी दिव्यांबरोबर पंखे, दूरदर्शन संच आणि आणखीही पुष्कळ काही बंद केले असले पाहिजे. प्रतिमा चुकली होती. तरीही जाळे ढासळले नाही, कारण योजना आखणाऱ्यांनी आपल्या अनुमानावर सर्वस्वी विसंबून न राहता त्याहून पुष्कळ अधिक सामग्री सज्ज ठेवली होती. जलविद्युत केंद्रांनी त्या पंचवीस मिनिटांत आपली निर्मिती १७,००० मेगावॅटांहून अधिक उतरविली, कोळशाच्या व वायूच्या केंद्रांनी उरलेला भाग सांभाळला, आणि वारंवारता ४९.७० ते ५०.२६ या पट्ट्यातच फिरत राहिली. ज्यांनी ती रात्र ठिकठिकाणच्या नियंत्रण कक्षांत घालविली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्या रात्री त्यांच्या हातून जे घडले ते अभियांत्रिकीतील अत्युच्च कोटीचे कार्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट बाजू पाहावयाची तर २०१२ च्या जुलैअखेरीचे दोन दिवस आठवावे. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणाऱ्या मार्गांपैकी बिना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी त्या वेळी कमालीच्या भाराखाली होती, कारण तिची जोडीदार वाहिनी सुधारणेच्या कामासाठी बंद ठेवली होती. ३० जुलैच्या रात्री अडीचच्या सुमारास ती ट्रिप झाली. आणि आश्चर्य असे की तिच्यावर कोणताही दोष नव्हता. अशा वाहिनीचा रिले दाबाला प्रवाहाने भागून येणाऱ्या आकड्यावरून दोष किती अंतरावर आहे हे ओळखतो: आकडा जितका लहान तितका दोष जवळ. त्याच्या दृष्टीचा शेवटचा टप्पा फार लांबवर पोहोचतो, पुढच्या उपकेंद्राचा रिले चुकलाच तर आपण आधाराला असावे म्हणून. परंतु प्रवाह अतोनात वाढला आणि दाब खाली बसला की तो भागाकार आपोआपच लहान होतो, आणि रिलेला अवजड भार हाच दूरचा दोष वाटतो. त्याला जे शिकविले होते त्याप्रमाणे तो प्रामाणिकपणे वागला आणि त्याने वाहिनी तोडली. उत्तरेचे सबंध जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी गेली, आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. महाराष्ट्र ज्यात येतो ते पश्चिमेचे जाळे दोन्ही दिवस टिकले.

अमेरिका आणि कॅनडा येथे १४ ऑगस्ट २००३ रोजी जो अंधार पसरला त्याचे मूळ निराळ्या जागी होते. जाळ्यावरील हजारो मापकांचे आकडे एकमेकांशी ताडून त्यांतील खोटे बाजूला सारून जाळ्याची खरी अवस्था काढण्याची एक रीत आहे. फ्रेड श्वेप्पे यांनी १९७० साली तिचा पाया घातला आणि आज प्रत्येक मोठ्या नियंत्रण कक्षात ती चालते. त्या दिवशी मध्य-पश्चिमेतील नियंत्रण संस्थेच्या संगणकात एका बंद वाहिनीची नोंद पोहोचली नव्हती, म्हणून हिशेब जुळेना. विश्लेषकाने चूक शोधून दुरुस्त केली, परंतु ठराविक काळाने आपोआप फेरी सुरू करणारी कळ पुन्हा चालू करावयाची राहून गेली. ओहायोत त्याच दुपारी एका वीज कंपनीची धोक्याच्या सूचना देणारी आज्ञावली नादुरुस्त होऊन बसली होती आणि झाडांना टेकून वाहिन्या एकामागून एक सुटत होत्या. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. जाळे कोसळण्याच्या कितीतरी आधी जाळ्याची प्रतिमा कोसळली होती.

मुंबईने हा अनुभव १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी घेतला. बाहेरचे जाळे गेले तरी शहराने आपल्यापुरते अलग होऊन आपल्या केंद्रांवर निभावून न्यावे, अशी आयलंडिंगची योजना तेथे दशकानुदशके होती आणि तिच्यावर मुंबईकरांचा भरवसा होता. त्या दिवशी कळवा-खारघरच्या बाजूने येणाऱ्या वाहिन्या सुटल्या तेव्हा शहराच्या अंगची निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी पडली, बेट तग धरू शकले नाही आणि दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. योजना चांगली होती. परंतु तिच्या आखणीत गृहीत धरलेले शहर आणि त्या सकाळचे शहर यांत अंतर पडले होते.

आणि आता तर गृहीतेच झपाट्याने पालटत आहेत. सौर पटलातून येणारी वीज इन्व्हर्टरमधून जाळ्यात शिरते. तिच्या मागे फिरणारे जड पोलाद नसते. तिचे प्रमाण वाढत जाईल तसतसे जाळ्याच्या अंगचे जडत्व घटते आणि तोच धक्का बसला तरी वारंवारता अधिक वेगाने घसरते. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश अंधारात गेले तेव्हा तर दोष वारंवारतेपासून सुरूही झाला नव्हता. दाब चढत गेला आणि त्यापायी निर्मिती केंद्रे एकापाठोपाठ सुटत गेली. दाबाचे नियंत्रण हा विषय विद्यार्थी बहुधा परीक्षेपुरता वाचून सोडतात. तो आता सोडता येणार नाही.

आपल्याकडे या बदलाची सर्वांत मोठी कसोटी शेतीपंपांवर लागणार आहे. वर्षानुवर्षे शेतीला वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीने मिळत आली, कारण रात्री जाळ्यावर भार कमी असे व कोळशाची केंद्रे तर चालूच ठेवावी लागत. त्या सोयीपायी शेतकऱ्याने थंडीत, विंचूकाट्यांतून, कित्येक तालुक्यांत तर बिबट्याच्या भयाखाली रात्री दारे धरली. आखणी करणाऱ्यांच्या कागदावर ती ‘रात्रीची स्वस्त मागणी’ होती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर केंद्र उभारून त्या परिसरातील कृषी फिडरला दिवसा वीज देण्याची कल्पना आहे, आणि ती जेथे जेथे प्रत्यक्षात येते तेथे जाळ्याचे चोवीस तासांचे चित्रच बदलून जाते: रात्रीचा भार दुपारकडे सरकतो, आणि सूर्य मावळताच घरोघरचे दिवे व पंखे चालू होण्याच्या वेळी सौर निर्मिती शून्यावर येते. त्या दोन-तीन तासांची चढण कशी चढावयाची हा आजच्या नियंत्रण कक्षांपुढील मुख्य प्रश्न आहे. अकोले तालुक्यातील घाटघरला सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आहे आणि खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा. दोहोंमध्ये २५० मेगावॅटची उलटसुलट फिरणारी यंत्रे आहेत. हा प्रकल्प आखला गेला तो रात्रीच्या फाजील विजेने पाणी वर चढवावे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यावी या हिशेबाने. आता फाजील वीज दुपारी असेल. तेव्हा पाणी दुपारी वर चढवावे लागेल, आणि संध्याकाळी ते पूर्वीप्रमाणेच चोंढ्याकडे उतरेल.